पाठ फिरवलेली अक्षरं

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. कुठे पहिली वेलांटी आणि कुठे दुसरी, हे मला कधी नीट कळलं नाही. ही वही कुणाच्या हाती पडली तर त्यांनी मला माफ करावं. पडू नये अशीच माझी इच्छा आहे, म्हणून ती मी गव्हाच्या कोठीमागे ठेवते.

मी चौथीपर्यंत शिकले. धारला आमच्या मराठी शाळेत चारच वर्ग होते. पाचवीला हिंदी शाळेत जावं लागे, ती लांब होती, आणि मी तर हजेरीला नाव पुकारलं तरी तोंडातून आवाज न निघणारी. बाबा म्हणाले, राहू दे. मीही म्हटलं, बरं.

असं असून गेली तीन वर्षं मी अक्षरं करून घर चालवते. संगणकावरची अक्षरं. जाड, सोनेरी, भिंतीतून बाहेर आल्यासारखी दिसणारी.

देवासला यांचं डिझाइनचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. लग्नाचे, वाढदिवसाचे, दुकानाच्या उद्घाटनाचे फ्लेक्स हे संगणकावर तयार करत आणि छापायला एबी रोडच्या प्रेसमध्ये पाठवत. मी चहा घेऊन जायची तेवढीच माझी आणि त्या खोलीची ओळख. गिऱ्हाईक बसलेलं असलं तर कप पडद्याच्या आतूनच पुढे करायची. मग एके सकाळी दात घासताना यांच्या हातातून ब्रश पडला, तो उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. लकवा. उजवा हात गेला, पाय थोडा वाचला, आणि बोलणं असं झालं की एक शब्द निघेपर्यंत माझी भाजी चिरून होई.

तीन महिने दुकान बंद होतं. चौथ्या महिन्यात यांनी डाव्या हाताने मला खुर्चीकडे ढकललं.

"बस."

"मला नाही येत," मी म्हटलं.

"बस."

मला इंग्रजी वाचता येत नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं इंग्रजीत. मग हे शेजारी बसून ओळी सांगायचे आणि मी मोजायची. वरच्या पट्टीत डावीकडून सहावं. ते उघडलं की खाली चौथं. मग एक रेघ, रेघेनंतर दुसरं. मी वाचत नव्हतेच, मोजत होते. पोळ्या मोजाव्यात तसं. वरच्या पट्टीतल्या एका नावाखाली अक्षरं जाड करायची सोय होती. नाव टाइप करायचं, मोजत मोजत तिथं जायचं, दाबायचं आणि थांबायचं. पंखा जोरात घरघरायचा, मी पोळ्या लाटून यायची, आणि परत आले की सपाट नाव उभं राहिलेलं असायचं. त्याला बाजू आलेल्या असायच्या, वरून उजेड पडलेला असायचा, मागे सावली. पहिल्यांदा झालं तेव्हा मी बोटाने पडद्यावर चाचपून पाहिलं. हे हसले. लकव्यानंतर यांचं हसणं आणि रडणं एकाच दाराने येतं, कोणतं आलंय ते मला लगेच कळत नाही. त्या दिवशी मात्र हसूच होतं.

हळूहळू काम येऊ लागलं. गिऱ्हाईक फोनवर लिहून पाठवी, मी करून पाठवी. तोंडाने बोलायची वेळ फारशी येत नसे, आणि ते मला बरं होतं.

सोनकच्छच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. ते स्वतः आले. पन्नाशीचे, शांत, हातात मोटारीची किल्ली. यांच्या ओळखीचे होते, यांना "भिया, कैसे हो" म्हणाले आणि यांचं बोलणं ऐकून माझ्याकडे वळले. मग मला फोनवर कुठल्याशा लग्नाच्या गेटचा फोटो दाखवला.

"भाभीजी, ऐसे ठोस अक्षर चाहिए. लगे कि सोने के ढले हैं. गेट पे, स्टेज पे, रस्ते के सब बोर्ड पे. हो जाएगा?"

मी मान हलवली. सेठजींनी नऊ हजार अगाऊ दिले. तेवढे पैसे त्या खोलीत मी आल्यापासून एका वेळी कुणी दिले नव्हते. त्यातले निम्मे यांच्या मालिशवाल्याला आणि औषधाला गेले. निम्म्यात संगणक दुरुस्त केला, कारण त्याच आठवड्यात तो चालूच होईना.

दुरुस्तीवाल्याने तो दोन दिवसांनी आणून दिला. म्हणाला, सगळं जुनं काढून नवीन टाकलंय, आता धावेल. धावत होता खरा. पण मी वरच्या पट्टीत मोजायला गेले तर जागा बदललेल्या. जाड अक्षरांची ओळ नव्हतीच. मी तीनदा मोजलं. उजवीकडून मोजलं. एकेक दाबून पाहिलं, तर एकदा पडद्यावरचं सगळं काळं-पांढरं झालं, एकदा आडवं झालं. घाबरून मी त्याला फोन लावला. फोनवर बोलायला मला पाणी पिऊन यावं लागतं.

"वो तो नए वाले में आता ही नहीं भाभी. निकाल दिया उन्होंने."

"जुना परत टाका ना."

"पुराना अब कहाँ से लाऊँ? मेरे पास नहीं है."

मी फोन ठेवला. लग्नाला नऊ दिवस होते, पैसे खर्च झाले होते, आणि ज्या एका गोष्टीचे पैसे घेतले तीच मला येत नव्हती.

यांना सांगितलं. यांनी पडद्यावरची पट्टी पाहिली. मग डावा हात उचलून म्हणाले, "हाताने."

यांच्या तरुणपणी ती सोय नव्हतीच म्हणे, तेव्हा सगळे हातानेच जाड अक्षरं करत. ते शिकायला आम्हाला एक दुपार लागली. डाव्या हाताने एक कळ दाबून धरायची, उजव्या हाताने बाणाची कळ एकदा दाबायची. अक्षर जागेवरच राहतं आणि त्याच्या मागे त्याची एक प्रत केसभर बाजूला सरकते. पुन्हा दाबायची, पुन्हा एक. एकदा बाजूला, एकदा खाली, एकदा बाजूला, एकदा खाली. अशा चाळीस-पन्नास प्रती एकामागे एक लागल्या की त्यांची जाडी तयार होते. मग मागच्या सगळ्या एक करून त्यांचा रंग गडद करायचा आणि सगळ्यात पुढच्या अक्षराला सोनं चढवायचं. हे "दाब", "धर", "सरकव" एवढे तीनच शब्द बोलत होते. घाम आला होता त्यांना.

शेवटी त्यांनी विचारलं, "दिशा... एक?"

मला वाटलं, समजलं का असं विचारतायत. मी म्हटलं, "हो."

त्यांना खूप थकवा आला होता. मी त्यांना आत नेऊन झोपवलं. तेव्हा "म्हणजे काय हो?" एवढं विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण विचारायचं म्हणजे त्यांना पुन्हा बोलायला लावायचं.

डावीकडे मुलाचं नाव, उजवीकडे मुलीचं, मधे लाल बदाम, अशी मांडणी सेठजींनी ठरवून दिली होती. मी आधी मुलाचं नाव केलं, दोन दिवस लागले. संगणकावर भार पडतो म्हणून एका वेळी एकच नाव उघडून काम करत होते. मुलाच्या नावाची जाडी उजवीकडे सरकवली. दुसरं नाव करायला बसले तेव्हा माझ्या मनात आलं, हेसुद्धा उजवीकडेच सरकवलं तर त्याची जाडी बदामापासून लांब, बाहेरच्या बाजूला जाईल. आमच्यात लग्नात नवऱ्याच्या उपरण्याला नवरीच्या शालूचा पदर बांधतात, ती गाठ दोघांच्या मधे असते. दोघं चालू लागली की गाठ मधे झुलते. मला वाटलं, दोन्ही नावांची जाडी मधे यावी, बदामाखाली एकमेकांना टेकावी. म्हणून मुलीचं नाव मी डावीकडे सरकवलं. बाणाची दुसरी कळ.

दोन्ही एकत्र ठेवल्यावर मला ते आवडलं. खरंच आवडलं, हे लिहायला आता लाज वाटते. मधोमध दोन्हींच्या गडद बाजू जवळ जवळ आल्या होत्या. मी ते यांना दाखवलं नाही, त्या दिवशी त्यांना ताप होता. फोनवर सेठजींना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "बढ़िया." प्रेसवाल्याने छापलं आणि त्यांच्या माणसांनी नेऊन लावलं.

हळदीच्या दिवशी सकाळी फोन आला. सेठजींचा धाकटा भाऊ होता. "एक बार आ के देख लो, भाभी." आवाजात राग नव्हता, म्हणून मी बसमध्ये बसले. मला वाटलं, एखादा बोर्ड कमी पडला असेल.

गेट लांबूनच दिसलं. वीस फुटी फलकावर ती नावं बघताना मला एका क्षणात कळलं. पडद्यावर एवढंसं असताना जे दिसलं नव्हतं ते इथं रस्त्यावरच्या कुणालाही दिसत होतं. दोन्ही नावांच्या पाठी एकमेकांकडे होत्या. मुलाचं नाव तोंड फिरवून डावीकडे बघत होतं, मुलीचं उजवीकडे. भांडून एका खाटेच्या दोन कडांवर बसल्यासारखी.

खाली दोन-तीन पाहुणे उभे होते.

"अरे भिया, ये दोनों तो अभी से रूठ गए!"

"फेरे तो हो जाने देते यार."

"लड़की के बाप ने पहले ही मायके की तरफ मुँह करवा दिया है."

ते हसत होते. मी पदर डोक्यावर ओढून बाजूला उभी राहिले. मला कुणी ओळखत नव्हतं. तेवढ्यात मुलीची आजी काठी टेकत बाहेर आली, मान वर करून बघितलं आणि हसणारे बाजूला सरकले. ती कुणावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "उतारो इसको. मेरी छोरी के ब्याह में नी चइये."

सेठजींनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"भाभीजी, सब उतरवाना पड़ेगा. अब फूलवाले से नाम बनवाऊँगा, छह हज़ार बोल रहा है. आपका एडवांस और ये छह, पंद्रह होते हैं. भिया की हालत देखी है मैंने, एकदम नहीं माँगूँगा. पर देना तो पड़ेगा."

माझ्या पर्समधल्या फोनवर त्यांचा "बढ़िया" होता. मी तो काढून दाखवू शकले असते. दुसरी कुणी असती तर तिने दाखवला असता. मी म्हटलं, "जी." येताना बसमध्ये मी सबंध रस्ताभर काय काय बोलायला हवं होतं ते जुळवत होते, आणि देवास आलं तरी पहिलं वाक्य जुळलं नव्हतं.

घरी आल्यावर यांनी हाताने विचारलं, काय? मी गेटचा फोटो दाखवला. ते हसू लागले. मोठ्याने, थांबेचना. मग खांदे हलायला लागले आणि गालावरून पाणी आलं. मी बघत उभी राहिले. त्यातलं कोणतं खरं होतं ते मी आजही सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साबणाची रिकामी पेटी मागितली. टेबलावर उभी ठेवली. ती डावीकडे वळवली आणि तिची उजवी बाजू बोटाने दाखवली. मग उजवीकडे वळवली आणि डावी बाजू दाखवली. जी बाजू दिसते तिच्या उलट तोंड असतं. एवढंच होतं. मग म्हणाले, "दिशा... एक." दोन्ही नावांची जाडी एकाच बाजूला, असं त्यांना म्हणायचं होतं. मी त्या दिवशी "हो" म्हटलं होतं, हे त्यांना आठवत होतं की नाही, मी विचारलं नाही.

प्रेसवाल्याने आपल्या छपाईचे पैसे पुढच्या कामांतून कापून घ्यायचं कबूल केलं. म्हणजे पुढची फ्लेक्सची कामं फुकट. सेठजींचे पंधरा हजार वेगळेच. मी धारला दादाकडे गेले.

दादा पेपर वाचत होता. मी अर्धा तास प्रवासाचं, यांच्या पायाचं, उन्हाचं बोलले. वहिनीनेच विचारलं.

"वन्सं, किती हवेत?"

मी आकडा सांगितला. दादाने पेपर अजून वर धरला.

"यांच्या पगारावर आधीच तीन घरांचा डोळा आहे," वहिनी म्हणाली. "चौथं कुठे बसवू? आणि काय हो, फोटो पाठवला होता ना त्यांना? बघून हो म्हणाले ना? मग तिथं का नाही तोंड उघडलंत?"

"सुचलं नाही."

"सुचलं नाही म्हणे! हजेरीला गप्प बसायच्या त्याच तुम्ही. मी उधार देणार नाही, सांगून ठेवते. परत मागायचे म्हणजे मलाच वाईट व्हावं लागेल."

मला रडू आलं. मी चहाचे कप घेऊन मोरीशी गेले. ती मागून आली आणि माझ्या हातातून कप काढून घेतले.

"दारावरच्या पाट्या करता येतील का तुम्हाला? तशाच जाड अक्षरांच्या?"

मी मान हलवली. तिने चप्पल घातली आणि मला घेऊन तिच्या कॉलनीत फिरायला निघाली. मी फाटकाबाहेर उभी राहायची, ती आत जायची. "आमच्या नणंदबाई करतात हो, सोन्यासारखं अक्षर," असं ती प्रत्येक दारात सांगत होती, आणि मी जमिनीकडे बघत होते. एका निवृत्त मास्तरांनी बाहेर येऊन मलाच विचारलं, "किती जाड करता?"

"तुम्ही सांगाल तेवढी," मी पुटपुटले.

"अशी करा, की पोस्टमन आला तर कपाळाला लागली पाहिजेत. गेले दोन महिने माझी पेन्शनची पत्रं शेजारी टाकतोय गाढव."

त्या फेरीत अकरा पाट्या मिळाल्या. एका पाटीमागे प्रेसचा खर्च जाऊन मला दीडशे रुपये सुटत. पंधरा हजारांना अशा किती पाट्या होतात ते मी बसमध्ये बोटांवर मोजलं आणि मोजणं सोडून दिलं.

त्यानंतरचे दिवस मला एकसारखेच आठवतात. सकाळी यांना अंघोळ, मालिश, जेवण. मग कळ दाबून धरायची, बाण दाबायचा. उजवीकडे, खाली, उजवीकडे, खाली. सगळ्यांची जाडी उजवीकडेच, मी दुसऱ्या बाणाला हातच लावत नसे. उजव्या हाताचं पहिलं बोट संध्याकाळपर्यंत आखडून जाई, पाणी भरायची कळशी धरवत नसे. कधी वीज जायची आणि साठवून ठेवलेलं नसलं तर पंचेचाळीस प्रती जायच्या. मी परत पहिल्यापासून करायची. कुणावर चिडायचं ते कळत नसे. महिन्याला हजार, कधी दीड हजार असे सोनकच्छला फोनवरून पाठवत होते. एका महिन्यात यांना न्यूमोनिया झाला, तेव्हा काहीच पाठवता आलं नाही. तेव्हा सेठजींचा निरोप आला, "भाभीजी, याद है ना?" मी तो दिवसातून कितीतरी वेळा वाचला. उत्तर लिहून खोडलं, लिहून खोडलं. शेवटी फक्त "जी" पाठवलं.

वहिनी दर पंधरा दिवसांनी फोन करून नावं सांगत असे. कधी बोलायची, "वन्सं, या बाईंना नवऱ्यापेक्षा आपलं नाव जाड हवंय, करून टाका, पैसे तीच देणार आहे." मग ती हसे आणि मीही हसे, आणि फोन ठेवला की परत बाणाच्या कळेशी बसे.

एकदा दादा देवासला कामाला आला होता. जाताना त्याने माझ्या हातात घडी करून दोन हजार कोंबले. "हिला सांगू नकोस." पुढच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला, "यांनी दिले ना? मीच म्हटलं होतं द्या म्हणून. मला सांगू नका असं म्हणाले असतील."

शेवटचे एकवीसशे रुपये राहिले तेव्हा गव्हाचा हंगाम लागला होता. ते मी फोनवरून पाठवणार होते, पण यांनी मान हलवली. "जा," म्हणाले. "हातात."

सोनकच्छच्या मंडीत ट्रॅक्टरांची रांग होती आणि सगळीकडे भुसा उडत होता. सेठजी दुकानात नव्हते, लिलावात होते. मुनीमजींनी मला पोत्यांच्या थप्पीवर बसायला सांगितलं. मी तास-दीड तास बसले. पैसे रुमालात होते, रुमाल ब्लाउजमध्ये. बसल्या बसल्या मी एक वाक्य तयार केलं होतं, की तुम्ही फोटो बघून बढ़िया म्हणाला होतात. मनात ते शंभरदा म्हटलं.

सेठजी आले. कपाळावर भुसा चिकटलेला होता. मला बघून थबकले.

"अरे भाभीजी, आप? भिया कैसे हैं?"

"बरे आहेत," मी मराठीतच म्हणाले, आणि मागे वळून रुमाल काढून पुढे केला.

त्यांनी नोटा मोजल्या. दोन शंभराच्या घामाने चिकटल्या होत्या, त्या सुट्या करून परत मोजल्या. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. माझं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं, पण बाहेर एक शेतकरी भाव विचारत उभा होता, आणि त्याच्यामागे दुसरा.

"इक्कीस सौ. हो गया भाभीजी, पूरा हो गया," ते म्हणाले, गल्ल्यात नोटा टाकून त्यांनी किल्ली फिरवली आणि बाहेरच्या शेतकऱ्याला आत बोलावलं.